मोजणी वाघाची आणि आपलीही



आज वाघाबद्दल बोलायचं आहे. घाटावर आणि कोकणात बिबट्यालाही लोक वाघच म्हणतात, म्हणून आधीच सांगते, मी बोलणार आहे ते पट्टेदार वाघाबद्दल, ढाण्या वाघाबद्दल. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, यवतमाळ, भंडारा, गोंदिया, अमरावती इथल्या मैत्रिणींना तो काही पुस्तकातून शिकावा लागत नाही. पण तो वाचला कसा, आणि त्याआधी संपत कसा आला होता, ही गोष्ट आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी येते. आज ती सलग सांगते. वाघाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी मोजणीचा इतिहास आहे. कुणी मेलेले वाघ मोजले, कुणी त्यांचे ठसे मोजले, कुणी त्यांचे फोटो मोजले. आणि या सगळ्या मोजणीत जंगलाशेजारी राहणारी बाई कुठे आहे, हा माझा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात ताडोबाच्या नावापासून करू. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्यावरून तलावाला, जंगलाला ताडोबा नाव पडलं, असं लोक सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. इकडे पालघर-ठाण्याच्या बाजूला वारली लोक वाघोबाला मानतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याला नैवेद्य दाखवतात. आपल्याकडच्या पंचांगात तोच सुमार वसुबारसेचा, गाय-वासराच्या पूजेचा. म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ती गाय आणि ज्याच्या भीतीने तिला दिवेलागणीला गोठ्यात आणायचं तो वाघ, दोघांचीही आठवण एकाच वेळी ठेवायची. यात वाघाबद्दल प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. भीती होती, नुकसानही होतं. पण एक ठरलेला व्यवहार होता. तू तुझ्या हद्दीत राहा, आम्ही आमच्या. तुझा मान आम्ही ठेवू.

इंग्रजांच्या राज्यात हा व्यवहार मोडला. सरकारी दप्तरात वाघ हा उपद्रवी प्राणी ठरला. वाघ मारून आणणाऱ्याला सरकार रोख इनाम देऊ लागलं. जंगल तोडून शेतसारा वाढवायचा तर वाघ जायला हवा, असा तो हिशोब होता. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागद तपासून काढलेला आकडा असा, की 1875 ते 1925 या 50 वर्षांत 80,000हून अधिक वाघ मारले गेले. आणि हे नोंद झालेले. जखमी होऊन झाडीत जाऊन मेले, त्यांची नोंद कोण ठेवणार?

इनामासाठी मारणारे वेगळे आणि हौसेने मारणारे वेगळे. 1911 साली राजा पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला, तिथून नेपाळला शिकारीला गेला आणि 10 दिवसांत त्याने आणि त्याच्या बरोबरच्यांनी 39 वाघ मारले. आपले संस्थानिकही मागे नव्हते. आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर 1,100हून अधिक वाघांची शिकार सांगितली जाते. एका माणसाच्या! आज अख्ख्या महाराष्ट्रात जेवढे वाघ आहेत, त्यांच्या दुपटीहून जास्त.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. तिचा वाघाशी थेट संबंध दिसत नाही, पण आपला आहे. 1878च्या वन कायद्याने मोठमोठी जंगलं राखीव झाली. रेल्वेच्या रुळांखाली घालायला आणि इमारतींना सरकारला लाकूड हवं होतं. त्यामुळे गावाने पिढ्यान्‌पिढ्या जिथून सरपण, गवत, मोहफुलं, कंदमुळं आणली, तिथे जाणं हा आता सरकारी मेहेरबानीचा विषय झाला. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई कायद्याच्या नजरेत चोर ठरू शकत होती, आणि त्याच जंगलात बंदूक घेऊन जाणारा साहेब परवानाधारक पाहुणा होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे वाघ वाचवायची वेळ आली तेव्हा ही गाठ सुटलेली नव्हती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर शिकार थांबली असती, असं वाटतं. उलट ती सोपी झाली. जीप आल्या, रात्री डोळ्यांवर मारायचे प्रखर दिवे आले. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याचा धंदा करणाऱ्या शिकार कंपन्या निघाल्या. कातड्यांना बाजार होता. आणि शेतीत कीटकनाशकं आली, तशी मेलेल्या जनावरावर विष टाकून वाघ मारणंही सोपं झालं. काही चांगल्या गोष्टीही घडत होत्या. ताडोबात 1935मध्येच शिकारबंदी झाली होती आणि 1955मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. पण असे तुकडे थोडे होते.

1969मध्ये निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची बैठक दिल्लीत भरली आणि वाघ धोक्यात आहे हे तिथे जगासमोर मांडलं गेलं. त्याच सुमारास कोलकात्यात ॲन राइट नावाच्या बाई एका वेगळ्याच मोजणीला लागल्या होत्या. तिथल्या न्यू मार्केटमध्ये वाघाची आणि बिबट्याची कातडी उघडपणे विकली जात होती. या व्यापाराची त्यांनी माहिती काढली आणि ती वर्तमानपत्रातून लोकांपुढे आणली. पुढे सरकारने वाघासाठी जो कृतिगट नेमला, त्यात त्यांना घेतलं. त्यांची मुलगी बेलिंडा राइट हिने 1994मध्ये चोरट्या शिकारीविरुद्ध काम करणारी संस्था काढली. मायलेकींनी एकाच कामाला आयुष्य दिलं, हे आपल्या मासिकात नोंदवण्यासारखं आहे.

त्या वेळी पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. राजेरजवाड्यांचा आणि शिकार कंपन्यांचा विरोध होता, परदेशी पैसा जाईल अशी ओरड होती. तरी 1970मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. 1972मध्ये पहिली देशव्यापी मोजणी झाली आणि आकडा आला 1,827. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात सुमारे 40,000 वाघ असावेत असा एक अंदाज सांगितला जातो. तो थोडा इकडेतिकडे धरला तरी काय उरलं होतं ते कळतं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि 1 एप्रिल 1973 रोजी उत्तराखंडातल्या कॉर्बेट उद्यानात व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. कैलाश सांखला हे त्याचे पहिले संचालक. सुरुवातीला देशातली 9 जंगलं निवडली, त्यात महाराष्ट्रातलं एक होतं, ते आपलं मेळघाट. ताडोबा-अंधारीचा व्याघ्र प्रकल्प व्हायला पुढे 1990चं दशक उजाडावं लागलं. आज राज्यात असे 6 प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर.

प्रकल्पाची रीत साधी होती. जंगलाचा मधला गाभा निवांत ठेवायचा. तिथे लाकूडतोड नाही, चराई नाही. वणवे लागू द्यायचे नाहीत, उन्हाळ्यात पाणवठे सुकू द्यायचे नाहीत. गवत वाढलं की चितळ, सांबर वाढतात, आणि ते वाढले की वाघ आपोआप वाढतो. वाघाला वेगळं काही खाऊ घालावं लागत नाही. वनरक्षक पायी गस्त घालायचे, पावसाळ्यातही. त्यांच्या मेहनतीने ही जंगलं खरोखर सावरली.

पण गाभा निवांत करायचा म्हणजे तिथली गावं हलवायची. मेळघाटातली बोरी, कोहा आणि कुंड ही कोरकूंची गावं या शतकाच्या सुरुवातीला बाहेर काढली. ताडोबातलीही काही गावं हलली. कुटुंबामागे 1 लाख रुपये मिळायचे, ते 2008पासून 10 लाख झाले. कुणाला रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला, हेही खरं. पण पैशाचा हिशोब घर आणि शेत पाहून होतो. घराजवळचं मोहाचं झाड, वर्षभराचं सरपण, आजारपणात उपयोगी पडणारा पाला, कंद, मध, डिंक, हे बाईचं उत्पन्न कुठल्या सातबाऱ्यावर असतं? ते लिहिलेलं नसतं, म्हणून मोजलं जात नाही.

आता पुन्हा वाघाच्या मोजणीकडे येऊ, कारण तिथेही एक मोठी फजिती झाली. वाघ मोजायची पद्धत होती पाऊलखुणांची. वनरक्षक मातीतल्या ठशावर काच ठेवून तो उतरवून घ्यायचे, प्लास्टरमध्ये ओतायचे, आणि ठशांवरून वाघ वेगवेगळे ओळखायचे. या पद्धतीने 1989मध्ये देशात 4,334 वाघ निघाले. सगळे खूश झाले. पण 1990च्या दशकात वाघाच्या हाडांसाठी आणि कातड्यांसाठी परदेशी बाजारातून मागणी वाढली आणि चोरटी शिकार सुरू झाली. जंगलातले वाघ कमी होत होते, कागदावरचे नव्हते. एकच वाघ दोन बीटांत दोनदा मोजला जायचा, आणि आकडा कमी झाला तर साहेब रागावतील ही भीती असायचीच.

2004च्या शेवटी आणि 2005च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्कामधून बातमी आली की तिथे एकही वाघ उरलेला नाही. कागदावर डझनाहून जास्त होते. सगळे मारले गेले होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

तेव्हा केंद्र सरकारने एक कृतिगट नेमला. त्याच्या अध्यक्ष होत्या सुनीता नारायण, आणि सदस्यांत आपले पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. या गटाने 2005मध्ये अहवाल दिला. त्याचा मुख्य सूर असा होता की जंगलाभोवतीच्या लोकांना शत्रू करून वाघ वाचणार नाही. त्यांच्या वाट्याला काही चांगलं आलं तरच ते राखण करतील. त्याच गटातले व्याघ्र-अभ्यासक वाल्मीक थापर यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. वाघाला माणसांपासून पूर्ण मोकळी जागा लागते, सहजीवनाच्या गप्पांनी तो मरेल, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर दोघांकडेही खऱ्याचा एक एक तुकडा आहे. वाघिणीला पिल्लं वाढवायला निवांत जागा लागते, यात शंका नाही. पण देशातले जवळपास तीनात एक वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या बाहेर राहतात. तिथे गावं आहेत, शेतं आहेत, आपण आहोत. तिथे वाघाला कोण राखणार? शेजारीच राखणार.

त्या धक्क्यातून बऱ्याच गोष्टी बदलल्या. 2006मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी वनहक्क कायदा आला. गाव हलवायचं तर ग्रामसभेची संमती हवी, असं कायद्यात आलं. आणि मोजणीची पद्धत बदलली. झाडाला बांधलेले कॅमेरे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. फोटो जुळवून वाघ ओळखता येतो. या पद्धतीने पहिला आकडा आला 1,411. देश हादरला. पण तो खरा आकडा होता, आणि खऱ्या आकड्यावरूनच पुढे जाता येतं. महाराष्ट्रात 2006मध्ये 103 वाघ होते, 2018मध्ये 312 आणि 2022मध्ये 444. देशाचा 2022चा अंदाज 3,682. ज्या प्राण्याला 50 वर्षांपूर्वी लोकांनी जवळजवळ सोडून दिलं होतं, तो परत आला. जगात असं फार थोड्या ठिकाणी झालं आहे. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण त्या 444च्या आकड्यामागची एक गोष्ट सांगते. त्या मोजणीची तयारी चालू होती. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक वाघाच्या खुणा नोंदवत पायी चालली होती. वाघिणीने हल्ला केला आणि ती गेली. वाघ मोजता मोजता गेली. आपण वर्तमानपत्रात आकडा वाचतो, तेव्हा तो कुणाच्या तरी पायाखालून आलेला असतो, हे विसरू नये.

आणि ज्यांच्या अंगावर गणवेश नाही त्यांचं काय? वाघ वाढले की तरणे वाघ नवी जागा शोधायला निघतात. दोन वर्षांचा झाला की वाघ आईला सोडतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ 2019मध्ये शेतं, नद्या, रस्ते ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा माग कळला, आणि वाटेतल्या बहुतेक गावांना तो येऊन गेल्याचं कळलंही नाही. म्हणजे वाघ आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पण उलटही घडतं. त्याच यवतमाळ जिल्ह्यात एका वाघिणीवर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. 2 नोव्हेंबर 2018 रोजी तिला गोळी घातली, तेव्हा शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले आणि त्या भागातल्या गावांत फटाके वाजले. फटाके वाजवणारे निर्दय नव्हते. दोन वर्षं ज्यांनी शेतात जाताना मागे वळून पाहिलं, त्यांचा तो सुटकेचा श्वास होता.

मे 2025मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हे मार्च ते मे याच काळात का जास्त घडतं? मोहफुलं पहाटे पडतात, ती वेचायला अंधारात निघावं लागतं. तेंदूची पानं उन्हाच्या आधी तोडावी लागतात. वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. दबा धरून मारणारा तो प्राणी, तो पाठीमागून येतो. आणि ही वाकायची कामं बहुतेक कोण करतं, ते मी सांगायला नको. राज्य सरकार अशा मृत्यूनंतर कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. ते मिळायलाच हवेत. पण भरपाई मेल्यावर मिळते. बाई जिवंत राहावी म्हणून किती खर्च होतो, हा प्रश्न वेगळा आहे.

मैत्रिणींनो, इतिहासाने एक गोष्ट दाखवली. हिशेबात जे येतं, त्याच्यासाठीच पैसा आणि माणसं निघतात. वाघ नीट मोजला गेला, म्हणून वाचला. मग आपल्यालाही मोजून घ्यायला हवं. आणि त्यासाठी हातात काही साधनं आहेत. वनहक्क कायद्याप्रमाणे मिळणारा जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, आणि गावाच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने असा हक्क मिळाल्यावर ग्रामसभेत बसून तेंदू तोडणं बंद करायचं ठरवलं आणि बांबूतून रोजगार उभा केला. तो निर्णय त्यांच्यावर कुणी लादला नाही, म्हणून तो टिकला. ताडोबाच्या आसपास मुली आता पर्यटकांना जंगल दाखवायचं काम करतात. जंगलाशेजारच्या गावांत गॅस यावा म्हणून राज्याची जन-वन विकास योजना आहे. सरपणाच्या जितक्या खेपा कमी, तितकी वाघाची गाठ कमी.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपल्या गावातल्या किती बायका मोह-तेंदूला जंगलात जातात, याची यादी कुणाकडे आहे का? हंगामात त्या कोणत्या बाजूला जाणार आणि तिथे वाघाचा वावर आहे का, हे वनरक्षक रोज सांगेल का? आणि गॅसची टाकी संपल्यावर पुन्हा भरायला पैसे कुठून येणार? यादी नसेल तर आपणच करू. वहीत नावं लिहायला परवानगी लागत नाही. तोवर एकटीने जाऊ नका, उजाडल्याशिवाय निघू नका, पांगून वेचू नका, आणि एकीने सतत उभं राहून बोलत राहायचं, हे पाळा.

तारूचा देव झाला, तेव्हा गावाने वाघाशी एक करार केला होता. तो मोडला, त्याला दीडशे वर्षं झाली. वाघाच्या बाजूने तो परत लिहिण्याचं काम सरकारने, शास्त्रज्ञांनी, वनरक्षकांनी केलं. आपल्या बाजूची ओळ अजून लिहायची आहे, आणि ती दुसऱ्या कुणी लिहून देणार नाही.